शाबासकीची किळस

माणसाच्या शरीरातून जे काही बाहेर येतं त्याची मला लहानपणापासून किळस. साताऱ्याच्या आमच्या घरात पंगतीला बसलेल्या कुणी जोरात नाक शिंकरलं तरी मी पानावरून उठत असे. धाकट्या भावाच्या नाकाखाली शेंबूड दिसला की मला घास गिळवत नसे. अशी मुलगी नर्स व्हायला निघाली हे ऐकून आळीतले लोक हसले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

मी सेवाभावाने वगैरे गेले नाही. माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं. माझा डावा डोळा किंचित तिरळा आहे, हे मुलाकडच्यांना साखरपुडा झाल्यावर दिसलं. त्यानंतर आत्या एकामागून एक बिजवर शोधून आणू लागली. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आई गेल्यापासून घर तिच्या हातात होतं. तिने शेवटी आणलेला गृहस्थ वडिलांच्याच वयाचा होता. दात किडलेले, ओठाच्या कोपऱ्यात पानाचा लाल ओघळ. माझ्याकडे बघत त्याने तो ओघळ जिभेने आत ओढला आणि विचारलं, "पाय चेपायची सवय आहे ना हिला?" मी आत जाऊन मोरीत ओकले.

वडील कोर्टात कारकून होते. बोलणं बेताचं. सांगलीला एका इस्पितळात मुलींना नर्सिंग शिकवतात, राहणं-जेवण तिथंच असतं, हे त्यांनीच कुठूनसं ऐकून आणलं. आत्या म्हणाली, "परक्या पुरुषांची घाण उपसायला आपल्यातल्या मुली जातात का कधी?"

"तो पानवाला घरचा झाला तरी घाण तीच राहील," मी म्हणाले.

वडिलांनी मान वर केली नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून माझ्यासाठी ट्रंक काढली.

महायुद्धाचे दिवस होते. पेट्रोल मिळत नसल्यामुळे सातारा रोड स्टेशनला जाणारी मोटार कोळशाच्या गॅसवर चाले आणि चढ आला की उतारूंना खाली उतरवी. मोटारीमागे चालताना तो धूर माझ्या नाकातोंडात गेला आणि सांगलीत उतरेपर्यंत माझ्या पदराला त्याचा वास येत होता. पुढच्या वासांच्या मानाने तो अत्तर म्हणावा असा होता, हे मला लवकरच कळलं.

इस्पितळात सगळ्याच गोष्टींचा तुटवडा होता. कापूस, जाळीचं कापड, पट्ट्या, जे काही बनत होतं ते लढाईकडे जात होतं. म्हणून जखमेवरून काढलेली पट्टी आमच्याकडे फेकून देत नसत. इमारतीच्या मागे पत्र्याच्या छपराखाली एक लांब मोरी होती. तिथे त्या पट्ट्या आधी गार पाण्यात भिजवायच्या, हाताने चोळायच्या, मग सोडा घालून उकळायच्या, वाळवायच्या आणि गुंडाळून परत कपाटात ठेवायच्या. नव्या मुलींना पहिलं काम हेच मिळे. पुवाने भरलेली पट्टी पाण्यात पडली की बुळबुळीत होते आणि बोटांमधून निसटते. तिला कुजलेल्या कांद्यासारखा वास येतो आणि त्या वासात काहीतरी गोडसर असतं. 

पहिल्याच दिवशी मेट्रनबाई, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या मुख्य, माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. नगरकडच्या ख्रिस्ती बाई, उंच, हाडापेराने मोठ्या. मी तोंडावर हात दाबलेला बघून म्हणाल्या, "ओकायचं असेल तर त्या बादलीत ओक. जमिनीवर ओकलीस तर तेही तुलाच पुसावं लागेल." मी बादलीत ओकले. त्यांनी मला तोंड धुवायला पाणी दिलं आणि पुढची पट्टी हातात ठेवली. त्या बाईंनी मला कधी धीर दिला नाही की कधी टोचून बोलल्या नाहीत. आजवर भेटलेल्या वरिष्ठांमध्ये मला जिची किळस वाटली नाही अशी ती एकटीच बाई.

आम्हा शिकाऊ मुलींना जोडीजोडीने कामं वाटून देत. माझी जोडीदारीण जतकडची होती. तिचे वडील आणि भाऊ मेंढरं घेऊन वर्षातले बरेच महिने पाण्याच्या शोधात फिरत असत. ती सातवी पास झाली होती ती तिच्या चुलत्यामुळे. हा चुलता पलटणीत शिपाई होता. जखमी होऊन तो लष्करी इस्पितळात पडला, तेव्हा त्याने नर्सबाई बघितल्या, आणि घरी येऊन सांगितलं की नर्सबाईपुढं कर्नलबी गप बसतो. तेवढ्या एका वाक्यावर ही मुलगी सांगलीपर्यंत आली होती.

तिला कसलीच किळस नव्हती. आडलेल्या मेंढीच्या पोटात हात घालून तिने कोकरं ओढून काढली होती. मोरीवर ती गाणं गुणगुणत बसावं तशी बसे, आणि माझ्या वाटणीच्या जास्त घाण पट्ट्या मुकाट्याने आपल्या बादलीत ओढून घेई. मी ओकले की एवढंच म्हणे, "झालं का? मग ये."

पहिल्या पावसाळ्यात कुंडलकडचा एक शेतकरी पाय सडवून घेऊन आला. पोटरीला नांगराचा फाळ लागला होता. घरच्यांनी त्यावर शेण लिंपून वर पाला बांधला होता आणि तसाच तो पाय आठवडे ठेवला होता. पाला सोडला तेव्हा जखम हलत होती. मला आधी वाटलं, आत शीर उडत असेल. मग एक पांढरी अळी काठावर आली आणि खाली माझ्या हातातल्या बशीत पडली. मी बशी तिथेच टाकली आणि बाहेर पळाले, ती थेट फाटकापर्यंत. फाटकाबाहेर टांगा उभा होता. स्टेशनवर सोडतोस का, असं मी टांगेवाल्याला विचारलंही.

जोडीदारीण मागून आली. तिच्या हाताला टर्पेंटाइनचा वास येत होता. अळ्या बाहेर याव्यात म्हणून ते जखमेत सोडत असत.

"कुठं निघालीस?" तिने विचारलं.

"घरी."

"घरी कोन हाय?"

 घरी आत्या होती, आणि आत्याच्या मागे रांगेत उभे असलेले ते सगळे लाल ओठ.

"हे बघ," ती म्हणाली, "अळ्या मी काडते. तू डोळं मिटून निस्ती बशी धर. मला तिसरा हात न्हाई."

मी डोळे मिटून बशी धरली. बशीत पडणाऱ्या प्रत्येक अळीचा आवाज मला ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी मी एक डोळा उघडला. शेतकऱ्याचा पाय वाचला, आणि तो जाताना मेट्रनबाईंच्या पाया पडला. आमच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. मी ब्राह्मणाची आणि ही धनगराची हे त्याने कुणाकडून तरी विचारून घेतलं होतं. माझ्या हातचं पाणी तो पीत असे, तिच्या हातचं पीत नसे. त्याच्या पायातल्या अळ्या तिनेच काढल्या होत्या.

शरीराची किळस अशी हळूहळू उतरत गेली. कधी उतरली ते सांगता येणार नाही. एक दिवस मी रोग्यांची मलमूत्राची भांडी साफ करून आले, हात धुतले आणि सरळ जेवायला बसले, तेव्हा लक्षात आलं. पण जी किळस उतरली तिच्या जागी दुसरीच चढत होती.

आठवड्यातून दोन दुपारी गावातले एक डॉक्टर आम्हाला शरीरशास्त्र शिकवायला येत. त्यांचा स्वतःचा मोठा दवाखाना होता. कडक इस्त्रीचा कोट, कानात अत्तराचा फाया. शिकवणं म्हणजे इंग्रजी पुस्तक मोठ्याने वाचणं आणि अर्धामुर्धा मराठी अर्थ सांगणं. पण वर्ग सुरू होण्याआधी ते एक गोष्ट न चुकता करत. आम्ही बाकांवर हात पुढे करून बसायचं, आणि ते रांगेने फिरत प्रत्येकीची बोटं हातात धरून त्यांचा वास घेत. स्वच्छता तपासतो म्हणत. त्यांच्या मिशा माझ्या बोटांना लागत. काहींची बोटं ते जास्त वेळ धरत. वर्गानंतर मी हात कार्बोलिक साबणाने धूत असे. पुवासाठी मी इतके रगडून हात कधी धुतले नाहीत.

माझ्या जोडीदारणीपाशी आले की ते बोटं धरत नसत. दुरूनच नाक वर करून म्हणत, "मेंढरं अजून अंगातून गेली नाहीत वाटतं." वर्ग हसे. तीही हसे.

मग तिला उभं करत. हृदय कुठे असतं, असं त्यांनी एकदा विचारलं. ती म्हणाली, "काळीज छातीत डाव्या अंगाला हाय."

"हाय? कुठं लागलं तुला?"

पुन्हा हशा. "आहे म्हण," ते म्हणाले. ती "आहे" म्हणाली. "पुन्हा म्हण." ती पुन्हा म्हणाली. तिने ते किती वेळा म्हणावं हे त्यांच्या लहरीवर होतं. त्या दिवशी त्यांनी तिला तासभर उभं ठेवलं आणि जाता जाता आम्हा सगळ्यांना सांगितलं, "या धंद्यात चिकाटी लागते. बघू या हिची किती टिकते."

पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. परीक्षा मराठीतून देता येत असे, पण अवयवांची नावं पुस्तकी लिहावी लागत. तिच्याकडे बकरं कापतात तेव्हा यकृताला काळीज म्हणतात, आणि माणसाचं मन दुखलं तरी काळीजच दुखतं. तिने यकृताच्या प्रश्नाला हृदयाचं उत्तर लिहिलं आणि हृदयाच्या प्रश्नाला यकृताचं. दोन्ही उत्तरं बरोबर होती, फक्त आपापल्या जागी नव्हती. मी पास झाले. पाठांतर मला घरातूनच आलं होतं.

त्यानंतर आमचा अभ्यास मोरीवर सुरू झाला. दुसरा वेळच नव्हता. वॉर्डातलं काम संपलं की पट्ट्या, पट्ट्या संपल्या की जेवण, आणि जेवणानंतर ती बसल्या जागी झोपत असे. म्हणून मी पट्टी चोळता चोळता पुस्तकी नाव उच्चारायची आणि तिने त्याच्यासमोर आपलं नाव सांगायचं. मी म्हणे फुप्फुस, ती म्हणे फोपसं. मी मूत्रपिंड म्हटलं की ती गुर्दा म्हणे. आतड्याला वजडी. मग उलट. चुकली की ती स्वतःवरच चिडे आणि हातातली पट्टी दगडावर अशी आपटे की पू माझ्या तोंडावर उडे. मी पुसून घेऊन पुढचा शब्द विचारत असे. हे सांगताना वाचकाला शिसारी येत असेल. आम्हाला तेव्हा येत नव्हती.

दुसऱ्या परीक्षेचा लेखी पेपर ती बरा लिहून आली. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक परीक्षक होते आणि शेजारी आमचे डॉक्टर. ती बाहेर आली. तिने सांगितलं, "मी नीट सांगत हुते. मधीच सायेब त्या पावन्याला इंग्रजीत कायतरी बोलले आनि दोघंबी हसायला लागले. मग मला पुढचं कायबी आठवंना." ती पुन्हा नापास झाली. दोनदा नापास झालेल्या मुलीने घरी जायचं, असा नियम होता.

त्या वर्षी दिवाळीला मी साताऱ्याला गेले. आत्याने माझं ताट दाराजवळ वेगळं मांडलं होतं आणि पाणी वरून ओतलं. इस्पितळातून आलेलं माणूस, अंगावर काय काय आणलं असेल, असं ती शेजारणीला मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. माझ्या हातच्या करंज्या कुणी खाल्ल्या नाहीत. वडिलांनी एक घेतली, पण आत्याने बघितल्यावर ती तशीच ताटात ठेवली.

भाऊबीजेच्या दिवशी आत्याच्या पाठीवर काळपुळी उठली. ताप चढला. पुरुष डॉक्टरला पाठ दाखवणार नाही म्हणून ती हटून बसली, आणि मग वडिलांकरवी निरोप आला: तिला म्हणावं, बघ. त्याच हाताने मी तिची पाठ बघितली. साताऱ्यातल्या एका डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज शेकलं, पिकल्यावर आतला गोळा वाटीत काढला, भोक स्वच्छ केलं, पट्टी बांधली. आत्या उशीत तोंड खुपसून विव्हळत होती. मी ओकले नाही. मला ओकारी आली ती नंतर, ताप उतरल्यावर. आत्या म्हणाली, "ती वाटी बाहेर टाकून दे, आणि डोक्यावरून न्हाल्याशिवाय स्वैपाकघरात पाऊल टाकू नकोस." आणि त्याच संध्याकाळी शेजारीण बघायला आली तेव्हा तिला म्हणाली, "आमची पोर भारी चिकाटीची. म्हणून तर मी तिला तिकडं पाठवली."

त्या रात्री मी दाराजवळच्या ताटातलं जेवण तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सांगलीला परतले आणि त्यानंतर त्या घरात दिवाळीला कधी गेले नाही.

परत आले तेव्हा जोडीदारीण अजून इस्पितळातच होती. मेट्रनबाईंनी तिला सोडलं नव्हतं. इस्पितळ चालवणाऱ्या मंडळींपुढे जाऊन त्या म्हणाल्या होत्या की हिच्यासारखे हात मला पुन्हा मिळायचे नाहीत, आणि हिला काढणार असाल तर वॉर्डाची व्यवस्था तुम्हीच बघा. मंडळींनी तिला आणखी एक संधी दिली, पण अट घातली. तिने खालच्या वर्गातल्या नव्या मुलींबरोबर बसायचं आणि वॉर्डातलं काम पूर्ण करायचं. नव्या मुली तिला मोरीवर "मावशी" म्हणत. डॉक्टर वर्गात आले की तिला विचारत, "अजून आहेस का तू?"

"हाय," ती म्हणे. मग थांबून, "आहे."

मी कधीकधी संतापाने म्हणत असे, सोड हे, घरी जा, तुझ्या मेंढरांत तुला कुणी असं उभं करणार नाही. ती म्हणे, "घरी गेले तर चुलता काय म्हनंल? त्यानं समद्या वस्तीला सांगून ठेवलंय." तिच्याकडे मोठ्या ध्येयाची भाषा नव्हती. तिला एका चुलत्यापुढे खोटं पडायचं नव्हतं, एवढंच.

तिसऱ्या खेपेला तोंडी परीक्षेच्या खोलीत मेट्रनबाई स्वतः जाऊन उभ्या राहिल्या. उपकरणांवर लक्ष ठेवायचंय म्हणाल्या. कुणी त्यांना जा म्हणू शकलं नाही, आणि कुणी हसलंही नाही. यकृत कुठे असतं, या प्रश्नाला जोडीदारणीने आपल्या उजव्या बरगडीखाली हात ठेवला आणि सांगितलं, "यकृत. इथे. इथे आहे." ती पास झाली. पहिल्या वर्गात वगैरे नाही, काठावर. त्या दिवशी तिने मला मोरीवर पट्ट्या धुवू दिल्या नाहीत, सगळ्या एकटीने धुतल्या. तिची आनंद दाखवण्याची रीत तशीच होती.

पुढची दोन वर्षं ती कुठे अडली नाही. माझ्या वर्गाचा पदव्या देण्याचा समारंभ लढाईमुळे वर्षभर लांबला आणि तिच्या वर्गाबरोबरच झाला, तेव्हा लढाई संपली होती. मांडव घातला होता, संस्थानातल्या एका मोठ्या अधिकाऱ्याची पत्नी अध्यक्ष होती. आमचे डॉक्टर भाषणाला उभे राहिले. त्यांनी माझ्या जोडीदारणीला जवळ बोलावलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "चिकाटी म्हणजे काय ते या मुलीकडून शिका. धनगराच्या वस्तीतून आलेली पोर. मी हिला मुद्दाम दोनदा नापास केलं. म्हटलं, बघू या हिच्यात किती दम आहे. मी कठोर झालो नसतो तर ही आज इथं उभी दिसली नसती."

टाळ्या पडल्या. अध्यक्षबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. डॉक्टरांनी आपल्या खिशातलं फाउंटन पेन काढून तिला बक्षीस दिलं. मी दुसऱ्या रांगेत बसले होते, आणि माझ्या तोंडात आंबट पाणी सुटलं होतं. कुंडलच्या त्या शेतकऱ्याची जखम पहिल्यांदा बघितली तेव्हा सुटलं होतं, अगदी तसं. मी व्यासपीठाच्या बाजूला बघितलं. मेट्रनबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

कार्यक्रम संपल्यावर मी तिला इमारतीमागे गाठलं.

"तू गप्प कशी बसलीस?"

"काय बोलायचं हुतं?"

"तो माणूस सगळ्यांपुढे सांगतोय, मी हिला मुद्दाम पाडलं. तुझं एक वर्ष त्याने खाल्लं. आणि आता त्याचंच श्रेय घेतोय. तुला किळस येत नाही?"

तिने पेन पदराने पुसलं. "किळस तुला परवडती," ती म्हणाली. "तुझं लग्न मोडलं तरी तुझा बाप कारकून हाय. मला पास व्हायचं हुतं, मी झाले. त्याला काय म्हनायचं ते म्हनू दे. आनि पेन लय चांगलं हाय."

"त्याने दिलेलं पेन तू वापरणार?"

"मग काय टाकू?"

  तिचं म्हणणं मला आजही पूर्ण खोडता येत नाही, आणि पटतही नाही.

ती जतकडच्या एका लहान दवाखान्यात गेली, मी इस्लामपूरला. संस्थानं विलीन झाली त्या सुमारास तिने मला भेटायला बोलावलं. तिच्या हाताखाली आता सुईणीचं काम शिकणाऱ्या चार मुली होत्या. मी सकाळी पोचले, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर उन्हात एक मुलगी बसली होती. तिच्या मांडीवर बाळंतिणीची न धुतलेली परात होती. वार, रक्त, सगळं तसंच, आणि त्यावर माशा घोंघावत होत्या. आजूबाजूला आलेल्या बाया तिच्याकडे बोट दाखवून हसत होत्या. मुलगी मान खाली घालून रडत होती. कन्नड बोलणाऱ्या घरातली होती, मराठी तिला जेमतेम येत असे.

मी विचारलं, "हे काय?"

"ती सकाळी वार बघून ओकली," माझी जोडीदारीण म्हणाली. "म्हनून बसवलीय. ऊन वर येस्तवर मांडीवर धरू दे. सवय हुईल."

मी परात उचलली, मागे नेली आणि धुवून आणली. मुलीला आत जायला सांगितलं. जोडीदारीण रागावली, पण पाहुणीपुढे आवाज चढवला नाही.

"तू तिला बिघडवतीस," ती म्हणाली. "मला कुनी मऊ धरलं हुतं का?"

"मेट्रनबाईंनी धरलं होतं."

"त्यांनी परीक्षेला बसू दिलं. मऊ न्हाई धरलं. आनि सायेब कडक हुते म्हनूनच मी शिकले. त्याबिगार मी कवाच पळाले असते."

तिने हे मनापासून सांगितलं. तिला खरंच तसं वाटत होतं. तिने वाढलेली भाकरी आणि हुलग्याचं माडगं मी खाल्लं, कारण न खाल्लं असतं तर तिच्या आईचा अपमान झाला असता. म्हातारी आमच्यासमोरच बसली होती, आणि आपली लेक सरकारी दवाखान्यात खुर्चीवर बसते हे मला पुन्हा पुन्हा सांगत होती. घास माझ्या घशाखाली उतरत होते, पण त्या पायरीवरच्या माशा डोळ्यांपुढून जात नव्हत्या.

त्या भागातल्या कितीतरी बायका तिच्या हातून सुखरूप बाळंत झाल्या. दुष्काळात ती गाडीवर बसून वस्त्यावस्त्यांवर जाई, हे मी लोकांकडून ऐकलं आणि ते खरं आहे. तिच्या हातचं पाणी आता सगळेच पीत. आमच्या भेटी होत राहिल्या, पण मी तिच्या दवाखान्यात पुन्हा पाऊल ठेवलं नाही. भेटायचं तर तिनेच इस्लामपूरला यायचं, असं आपोआप ठरून गेलं.

पहिल्याच वेळी ती आली तेव्हा मी विचारलं, "ती कन्नड बोलणारी मुलगी कुठे आहे?"

"गेली घरी. तू आलतीस त्याच आठवड्यात," ती म्हणाली. "टिकली न्हाई."

नासलेली भाजी बाजूला काढून ठेवावी, तसं ती ते म्हणाली आणि चहा मागितला. मी चहा टाकायला उठले.